पास संपल्यानंतर

नालासोपारा ते चर्चगेट हे अंतर सुमारे 56 किलोमीटर. वटार गावच्या माणसाला त्याआधी घरापासून स्टेशनपर्यंत बस किंवा रिक्षा, आणि गाडीतून उतरल्यावर पुन्हा थोडी पायपीट. जाताना दीड तास, येताना दीड तास, वर्षाचे 280 दिवस आणि नोकरी 35 वर्षांची धरली, तर हिशेब 29,400 तासांवर जातो. म्हणजे तीन वर्षे चार महिने, दिवसरात्र, केवळ प्रवासात. पहिल्या दोन-चार महिन्यांत चौथी सीट कुणाची आणि दारातली जागा कुणाची हे कळते. त्यानंतर साडेतीन दशके फारसे काही बदलत नाही. मग एका महिनाअखेरीला शाल-श्रीफळ मिळते, दोन भाषणे होतात, आणि पुढच्या महिन्यात पास काढायचा राहत नाही.

त्यानंतर बहुतेकांना एकच प्रश्न गाठतो. एवढा काळ जे काम केले ते आपण निवडले होते, की ते आपल्याला मिळाले होते? आणि दुसरे काही केले असते, तर आज जास्त समाधानी असतो का?

हा प्रश्न जगभरच्या निवृत्तांना पडतो. पण वटारसारख्या गावात त्याचे उत्तर थोडे वेगळे मिळते, आणि त्यातून इतरांनाही काही शिकता येते.

वटार हे वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातले गाव. राजोडी, नाळे, सत्पाळे हा शेजार. पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला प्राचीन शूर्पारक, म्हणजे आजचे सोपारे, जिथला बौद्ध स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 मध्ये उकरून काढला. या पट्ट्याची खरी ओळख मात्र वाडी: केळी, नारळ, पानवेल, भाजी, मोगरा, सोनचाफा. पाण्यासाठी विहीर आणि बावखल. बावखल म्हणजे वाडीतले गोड्या पाण्याचे तळे, पावसाळ्यात भरणारे आणि भूगर्भातल्या झऱ्यांवर उन्हाळ्यातही तग धरणारे.

या वाडीच्या जवळून रेल्वे गेली. विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल 1867 मध्ये धावली आणि 1936 मध्ये विजेच्या गाड्या विरारपर्यंत आल्या. त्यामुळे इथल्या कुटुंबांपुढे अशी सोय उभी राहिली, जी कोकणातल्या इतर भागाला कधीच मिळाली नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातला चाकरमानी गाव सोडून लालबाग-परळच्या खोलीत राहिला, गणपतीला आणि शिमग्याला घरी गेला आणि निवृत्तीनंतर परतला तेव्हा गाव त्याला निम्मे परके झाले होते. वसईच्या माणसाने गाव सोडलेच नाही. तो पहाटे वाडीला पाणी लावून गाडी पकडायचा आणि संध्याकाळी परत विहिरीवर असायचा. बायका टोपल्या घेऊन त्याच्याही आधीच्या गाडीने मुंबईच्या बाजारात जायच्या. घराला एक पाय वाडीत आणि एक पाय नोकरीत, अशी सवयच लागली.

नोकरी ‘लागायची’

आज ज्याला आपण करिअरची निवड म्हणतो, ती त्या पिढीत क्वचितच होती. नोकरी ‘लागायची’ किंवा कुणीतरी ‘लावायचे’. काका बेस्टमध्ये असले की पुतण्या बेस्टमध्ये. शेजारी रेल्वेत असला की त्याच्या ओळखीने अर्ज. महापालिका, गोदी, बँका, विमानतळ, जोगेश्वरी-गोरेगावचे कारखाने, आणि 1970 च्या दशकानंतर आखाती देश. मुलींसाठी शिक्षिका आणि परिचारिका हे दोन ठरलेले रस्ते. कामाची आवड हा विषय निघायचाच नाही; विचारले जायचे ते एकच: कायम झाला का?

कायम नोकरीचे हे आकर्षण उगाच नव्हते. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यातले बहुसंख्य पुन्हा कधी साच्यावर गेले नाहीत. पण कायम नोकरीही मधेच संपू शकते, हेही पुढे दिसले: 2000-01 मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली आणि एक लाखाहून अधिक कर्मचाऱ्यांनी ती घेतली. त्यात पन्नाशीतली कितीतरी माणसे होती, जी दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे जायचे हे ठरवून बाहेर पडली नव्हती.

मग अशा न निवडलेल्या कामातून समाधान मिळू शकते का? अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ एमी रेझ्नेव्स्की आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. माणसे आपल्या कामाकडे तीन प्रकारे पाहतात, असे त्यांनी मांडले: पगारासाठीचा रोजगार, बढतीची कारकीर्द किंवा मनापासूनचा ध्यास. गंमत अशी, की हे तिन्ही प्रकार एकाच हुद्द्यावरच्या माणसांतही सापडले. त्यांनी तपासलेल्या 24 प्रशासकीय सहायकांमध्ये तिन्ही गट साधारण सारखेच निघाले. काम तेच, टेबल तेच, पगार जवळपास तोच, आणि तरी एकाला ते ओझे वाटते तर दुसऱ्याला आपले. म्हणजे समाधान हुद्द्यावर जितके अवलंबून असते, त्याहून जास्त ते त्या कामात माणूस स्वतःचे काय घालतो यावर असते. तिकीट तपासनीस झालेला माणूस आयुष्यभर वैतागलेला असू शकतो आणि नवख्या प्रवाशाला गाडी समजावून सांगण्यात रमलेलाही असू शकतो.

मागे वळून पाहणे हा आजार नव्हे

निवृत्त माणूस जुन्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगतो याचा घरच्यांना कंटाळा येतो. एकेकाळी डॉक्टरही याला म्हातारपणातल्या बुद्धिभ्रंशाची खूण समजत. 1963 मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी ही समजूत खोडून काढली. आयुष्याचा असा आढावा घेणे हे उतारवयातले स्वाभाविक आणि गरजेचे काम आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्याआधी 1950 मध्ये एरिक एरिक्सन यांनी आयुष्याचे आठ टप्पे मांडताना शेवटच्या टप्प्यावर हाच पेच ठेवला होता: झाले ते आपले म्हणून स्वीकारणे, किंवा निराशेत बुडणे.

या आढाव्यात सलते काय? थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी 1990 च्या दशकात लोकांना त्यांच्या पश्चात्तापांबद्दल विचारले. अलीकडच्या काळातले पश्चात्ताप बहुधा केलेल्या चुकांचे होते. पण सगळे आयुष्य नजरेसमोर ठेवून विचारले की पारडे उलटे व्हायचे आणि न केलेल्या गोष्टी वर यायच्या. अर्धवट सोडलेले शिक्षण, न स्वीकारलेली संधी, न बोललेला शब्द. केलेल्या चुकीची माणूस कशीबशी समजूत घालतो. न केलेल्या गोष्टीला मात्र शेवट नसतो, कारण ती कल्पनेत कायम यशस्वीच होत राहते.

म्हणूनच ‘नोकरी सोडून द्यायला हवी होती’ हे वाक्य निवृत्तांच्या कट्ट्यावर वारंवार ऐकू येते. मराठीत त्याला एक झगमगते उदाहरणही आहे. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते. पुण्यात आणि नंतर टांझानियात त्यांनी व्यवसाय केला आणि 1969 मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, तो सोडून ते पूर्णवेळ नट झाले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर 1970 मध्ये, वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आले आणि गणपतराव बेलवलकरांच्या भूमिकेने लागूंना घराघरात पोहोचवले. मात्र ही कथा सांगताना एक बाब सहसा गाळली जाते. वैद्यकीच्या काळातही त्यांचे नाटक थांबलेले नव्हते. पुण्याची प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन आणि मुंबईची ‘रंगायन’ या हौशी आणि प्रायोगिक मंचांवर ते वर्षानुवर्षे उभे राहत होते. एका रात्रीत घेतल्यासारखी दिसणारी ती उडी प्रत्यक्षात दीर्घ तालमीनंतरची होती.

कर्व्यांचे दोन ताळेबंद

नोकरी न सोडताही स्वतःचे काम उभे करता येते, याचा महाराष्ट्रातला सर्वांत ठसठशीत दाखला महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा. कर्वे 1891 पासून फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते. 1896 मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला. 1900 मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. दिवसा महाविद्यालयातले तास आणि त्यानंतर हिंगण्याची पायवाट, असा त्यांचा नेम वर्षानुवर्षे चालला. पगाराची नोकरी एकीकडे, स्वतःचे काम दुसरीकडे.

1914 मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, ते फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. 1915 मध्ये त्यांनी ‘आत्मवृत्त’ प्रसिद्ध केले. कुणालाही वाटावे की हिशेब पूर्ण झाला, आता वही मिटायची. पण ज्या कामासाठी आज त्यांचे नाव घेतले जाते, ते महिला विद्यापीठ 1916 मध्ये उभे राहिले. सत्तरी ओलांडल्यावर ते विद्यापीठाच्या प्रचारासाठी युरोप-अमेरिका फिरून आले. पुढे 1936 मध्ये त्यांनी इंग्रजीतून पुन्हा आत्मकथा लिहिली, आणि त्याच वर्षी, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. 1944 मध्ये समता संघ. 1958 मध्ये भारतरत्न मिळाले तेव्हा ते शंभर वर्षांचे होते, आणि त्यानंतरही चार वर्षे जगले.

दोनदा मागे वळून पाहिले आणि दोन्ही वेळा लगेच पुढचे काम हाती घेतले. हे शक्य झाले, कारण निवृत्तीच्या दिवशी त्यांच्याकडे अठरा वर्षे चाललेले एक स्वतःचे काम तयार होते. ते साठीनंतर शोधावे लागले नाही.

वटारच्या शेजारचेच उदाहरण हवे असेल, तर नंदाखालचे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचा जन्म तिथे 4 डिसेंबर 1942 रोजी झाला. धर्मगुरूपद ही त्यांची निवड. पण त्या चौकटीत त्यांनी 1983 ते 2007 ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले, हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून वसईच्या विहिरी, वाड्या आणि टँकरच्या प्रश्नांवर लोकांना उभे केले, आणि बायबलचा सुबोध मराठी अनुवाद केला, ज्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले तेव्हा ते 77 वर्षांचे होते. त्या पदावर ख्रिस्ती धर्मगुरू बसण्याची ती पहिलीच वेळ. जुलै 2024 मध्ये त्यांचे निधन झाले.

मोगऱ्याची कळी आणि पेन्शनचा आकडा

सगळेच कर्वे किंवा दिब्रिटो नसतात, आणि तशी गरजही नाही. वटारच्या सामान्य निवृत्ताकडे जे असते ते वाडी.

मोगऱ्याच्या हंगामात त्याचे काम उजाडण्याआधी सुरू होते. कळी टपोरी आणि पांढरी झालेली हवी, पण उमललेली नको. उमलली की दादरच्या फूलबाजारात भाव पडला. त्यामुळे बोटांनी झाडाझाडावर नेमकी आजची कळी ओळखायची आणि उद्याची सोडायची. शेजारच्या आगाशीची सुकेळी तर याहून चिकाटीची. राजेळी जातीची केळी पिकवायची, सोलायची, कडक उन्हात दिवसामागून दिवस वाळवायची, संध्याकाळी दवाच्या आत उचलायची, सकाळी पुन्हा मांडायची. काही दिवसांत केळ मधाच्या रंगाचे आणि चिवट होते, मग ते केळीच्याच वाळक्या पानांत बांधले जाते. आभाळ आले की सगळे मुसळ केरात. असे काम ज्याच्या हाताला ठाऊक आहे, त्याला निवृत्तीनंतर वेळ घालवायचा कसा हा प्रश्न पडत नाही.

पैशाचा भागही लहान नाही. सरकारी नोकराला पेन्शन असते. तीही महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांसाठी जुन्या स्वरूपात उरली नाही, आणि त्यासाठी मार्च 2023 मध्ये राज्यभर संप झाला. खासगी कारखान्यातून निवृत्त होणाऱ्याचा आधार म्हणजे 1995 ची कर्मचारी पेन्शन योजना. तिचे सूत्र सोपे आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले 70. पगाराची मर्यादा 2014 पासून 15,000 रुपये. तीस वर्षे सेवा धरली, तरी महिन्याचा आकडा साडेसहा हजारांच्या आसपास थांबतो. आधीच्या वर्षांना कमी मर्यादा असल्याने प्रत्यक्षात अनेकांना त्याहून पुष्कळ कमी मिळतात. किमान पेन्शन आहे 1,000 रुपये. अशा वेळी चाफ्याची दहा झाडे आणि केळीचे चार लोंगर यांना छंद म्हणता येत नाही. घरखर्चात त्यांची जागा ठरलेली असते.

आणि हा काळ थोडाथोडका नाही. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात 1889 मध्ये वृद्धांच्या पेन्शनचा कायदा झाला, तेव्हा वयाची अट सत्तरची होती. तिथवर पोहोचणारेच थोडे. भारतात केंद्र सरकारी नोकरांचे निवृत्तीचे वय 1962 मध्ये 55 वरून 58 झाले आणि 1998 मध्ये 60. आज साठी गाठलेला भारतीय सरासरी आणखी सतरा-अठरा वर्षे जगतो. म्हणजे नोकरीच्या जवळपास निम्मी वर्षे अजून शिल्लक असतात.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट अॅचली यांनी 1970 च्या दशकात या वर्षांचे टप्पे मांडले. सुरुवातीला मधुचंद्र: उशिरा उठणे, तीर्थयात्रा, राहिलेली लग्ने. मग भ्रमनिरास. त्यानंतर नव्याने घडी बसवणे, आणि बसली तर स्थैर्य. हार्वर्ड विद्यापीठात 1938 पासून चालू असलेल्या प्रौढ-जीवनाच्या अभ्यासातून याला एक महत्त्वाची जोड मिळते. निवृत्तीत सर्वाधिक आनंदी ती माणसे दिसली, ज्यांनी सुटलेल्या सहकाऱ्यांच्या जागी नवे सवंगडी प्रयत्नपूर्वक जोडले. विरार लोकलमधला ग्रुप, त्यातले भजन, रमी आणि डब्यातला दसरा हे सगळे पासाबरोबर संपते. गावातली पतपेढी, देवळाची किंवा चर्चची समिती, नाट्यमंडळ, वाडीशेजारचा शेजारी हे मात्र राहतात, जर नोकरीच्या काळात त्यांच्याशी संबंध तुटलेला नसेल तर. तुटलेला असेल, तर साठीत नव्याने ओळख सांगावी लागते.

जमीन कुणाच्या नावावर

या चित्राला तडा जातोय तो जमिनीच्या बाजूने. 3 जुलै 2009 रोजी वसई-विरार महानगरपालिका झाली, 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा झाला, आणि शहर पश्चिमेकडे सरकत राहिले. बावखले बुजवली गेली, उपशामुळे काही विहिरींचे पाणी मचूळ झाले. सातबाऱ्यावर भावंडांची नावे वाढत गेली तशी प्रत्येकाच्या वाट्याला गुंठे उरले. वाडी विकून आलेल्या पैशात फ्लॅट होतो, मुलाचे शिक्षण होते. पण सकाळी सहा वाजता करायचे काम त्या पैशात विकत मिळत नाही.

वाडी विकणे ही एक चूक; दुसरी म्हणजे हयातीतच सगळे मुलांच्या नावावर करून मोकळे होणे. ‘नटसम्राट’मधले बेलवलकर नेमके हेच करतात आणि बेघर होतात. कायद्याने यावर थोडा उपाय ठेवला आहे. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा 2007 चा कायदा, त्यातले कलम 23: सांभाळ करण्याच्या अटीवर ज्येष्ठ नागरिकाने मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडून ते हस्तांतरण रद्द ठरवून घेता येते. मात्र ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहिलेली असणे शहाणपणाचे, नाहीतर सिद्ध करताना दमछाक होते.

वटारच्या आजच्या तरुण पिढीपुढे निवड खरोखरच आहे. संगणक अभियंता, सनदी लेखापाल, विमान कंपनी, परदेश. आजोबांसारखी नोकरी ‘लावून’ घेण्याची गरज नाही. पण गोरेगाव-पवईच्या कंपनीत बारा तास, त्यावर रस्त्याचे तीन, यात वाडीला पाणी लावायला कुणालाच सवड नाही. आजोबांना आवडीची नोकरी मिळाली नव्हती, तरी निवृत्तीसाठी त्यांच्याकडे काम होते. नातवाला आवडीची नोकरी मिळाली आहे, पण तिच्या पलीकडे त्याचे स्वतःचे काही उरतेच असे नाही. समाधानाचा हिशेब मांडायचा, तर या दोघांत आजोबांची बाजू भक्कम दिसते.

तेव्हा ज्यांच्या सेवेची आठ-दहा वर्षे शिल्लक आहेत, त्यांनी निरोप समारंभाची वाट पाहू नये. भविष्य निर्वाह निधीच्या खात्यावर आपली सेवेची वर्षे बरोबर नोंदली आहेत का ते आत्ताच तपासावे. वाडी असेल तर निदान रविवारी तिथे हात घालावा. नसेल तर तबला, भाषांतर, शिकवणी, पक्षीनिरीक्षण, सोसायटीचा हिशेब, जे काही स्वतःचे वाटते, त्याला आठवड्यातले चार तास ठरवून द्यावेत. कर्व्यांनी हिंगण्याची वाट धरली, तेव्हा त्यांच्या निवृत्तीला चौदा वर्षे बाकी होती.